फिलेमोनाचं पत्र आणि उसाची उचल : सांगली जिल्ह्यातल्या एका घरसभेचं प्रकरण

हे प्रकरण घरसभा, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी बायबलवाचनाची बैठक, चालवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. फिलेमोनाचं पत्र म्हणजे बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलानं फिलेमोन नावाच्या धन्याला त्याचा दास अनेसिम याला परत पाठवताना लिहिलेलं पत्र. संबंधितांना विचारूनच लिहिलं. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. रकमांचं आपसातलं प्रमाण तेवढं खरं ठेवलं आहे, कारण सगळं पुढं त्यावरच अडलं.

पार्श्वभूमी

मंडळी, म्हणजे चर्च, मिरज-सांगली पट्ट्यातली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1890 च्या दशकात वैद्यकीय काम उभं केलं, तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांमध्ये नर्स, कंपाउंडर, शाळामास्तर पिढ्यान्पिढ्या होत आले. पुढं काहींनी जमीन घेतली, ऊस लावला, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले. त्याच मंडळीत हंगामापुरती जत, आटपाडीकडून येणारी माणसंही असतात. रविवारी येतात, मागं बसतात आणि हंगाम संपला की दिसत नाहीत. त्यांची नावं रजिस्टरला नसतात.

शुक्रवारची घरसभा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी भरते. त्यांना सगळे बाई म्हणतात. दहा-बारा माणसं: दोन नर्स, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून तात्या, एसटीतले एक कंडक्टर, कॉलेजची एक मुलगी, आणि अण्णा व वहिनी. अण्णांचे दोन ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊसवाहतुकीला आहेत. सुरुवातीला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन, मग वाचन, मग चर्चा, शेवटी प्रार्थना आणि चहा. बाईंचा एक नियम आहे. कोणतंही पत्र घ्यायचं तर पहिल्या बैठकीत ते अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. पहिल्या शतकात ही पत्रं अशीच ऐकली गेली. कलस्सै गावच्या मंडळीला पौलानं लिहिलेल्या कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तर ते वाचून झाल्यावर लावदिकियाच्या मंडळीतही वाचलं जावं अशी सूचनाच आहे.

सभेनं कलस्सैकरांस पत्र नुकतं संपवलं होतं. चौथ्या अध्यायात पौलाचा सोबती तुखिक याच्याबरोबर अनेसिम येतोय असा उल्लेख आहे. त्यामुळं पुढं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्यावं असं पाळकसाहेबांनी सुचवलं, तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बाईंना मात्र वाटलं. पाळकसाहेब एरवी घरसभेत काय वाचायचं यात लक्ष घालत नाहीत.

अडचण

बाईंनी सरळ विचारलं, "पाळकसाहेब, हेच पत्र का?"

उत्तर असं होतं. आठवड्यातून एकदा ते दवाखान्यात भेटीला जातात. तिथं एका वॉर्डाबाहेर जत तालुक्यातला एक तरुण भेटला. टोळीत त्याला धाकटा म्हणत, इथंही तेच म्हणू. बायको गरोदर, रक्तदाब वाढलेला, ऊस तोडता तोडता तिला चक्कर आली म्हणून आणलेली. बाळंतपण सुखरूप झालं, पण हा टोळीकडं परत गेला नाही. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर हमालीला लागला आणि रविवारी उपासनेला येऊ लागला. एक दिवस त्यानं पाळकांना सांगितलं, की मी पुढच्या बाकावरच्या त्या मालकाची उचल घेऊन निघून आलोय, तो मला बघेल म्हणून मी खांबाआड बसतो. ते मालक म्हणजे अण्णा.

उचलीचा व्यवहार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हंगामाआधी, पावसाळ्यातच, ट्रॅक्टरमालक मुकादमाला आगाऊ रक्कम देतो. मुकादम ती जोड्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग तोडलेल्या टनांवर ती रक्कम फिटत जाते. मालकाकडचा पैसा बहुतेक वेळा त्याचाही नसतो, कारखान्याच्या कराराखाली त्याच्या नावावर चढलेलं कर्ज असतं. टोळी पळाली की हप्ते त्याच्या डोक्यावर. असं बुडून ट्रॅक्टर विकावा लागलेले लोक या जिल्ह्यात गावोगाव सापडतील. तेव्हा अण्णांना जुलमी सावकार समजून हे वाचू नये.

पाळकसाहेबांचा विचार असा, की चार शुक्रवार फिलेमोन वाचावा, अण्णांचं मन आपोआप वळेल, मग धाकट्याला समोर आणू. म्हणजे फिलेमोन अण्णा, अनेसिम धाकटा, आणि पौलाची जागा कुणाची हे वेगळं सांगायला नको.

पत्रात काय आहे आणि काय नाही

इथं पत्राकडं नीट बघायला हवं, कारण पुढचे निर्णय त्यावरच झाले.

पौलाच्या पत्रांतलं हे सगळ्यांत लहान. पंचवीस वचनं, मोठ्यानं वाचायला तीन-चार मिनिटं. पौल कैदेत आहे. रोममध्ये असेल तर साधारण सन 60 ते 62, इफिसात असेल तर त्याआधी काही वर्षं. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमते, म्हणजे घर ऐसपैस आहे, आणि त्या घरात दास आहेत. पत्र खासगी वाटतं, पण ते एकट्या फिलेमोनाला नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि घरातली मंडळी अशा सगळ्यांना मिळून ते लिहिलं आहे. फिलेमोनानं काय करावं हे सगळ्यांच्या देखत वाचलं जाणार होतं.

पौलाची भाषा गोड आहे आणि दबाव जबर. मी हुकूम करू शकलो असतो, पण प्रेमानं विनवतो. तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं. त्यानं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर माझ्या नावावर मांड, हे बघ माझ्या हातानं लिहून देतो. आणि लगेच पुढं, तू स्वतःच माझं केवढं देणं लागतोस ते मी काढत नाही. शेवटी, माझ्यासाठी खोली तयार ठेव, म्हणजे मी बघायला येणार आहे.

अनेसिम चोरी करून पळाला होता असं आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. पत्रात तसं वाक्य नाही. देणं 'असेल तर' एवढंच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीला ख्रिसोस्तोम या उपदेशकानं त्याला चोर आणि पळपुटा म्हणून रंगवलं आणि पुढं तीच गोष्ट घट्ट झाली. जर्मन अभ्यासक पीटर लाम्पे यांनी 1985 मध्ये दुसरी शक्यता मांडली, की धन्याशी बिनसल्यावर मध्यस्थी करायला त्याच्या ओळखीचा वजनदार माणूस शोधत तो पौलाकडे गेला असावा. रोमन समाजात तशी वाट होती. त्या काळच्या प्लिनी द यंगर या रोमन लेखकाचं एक पत्र शिल्लक आहे, सॅबिनियानस नावाच्या मित्राला लिहिलेलं: तुझा मुक्त केलेला दास माझ्या पाया पडून रडला, मी त्याला चांगला झाडलाय, आता तू राग सोड. त्या पत्रात दासाचा पश्चात्ताप ओळीओळीला आहे. पौलाच्या पत्रात अनेसिमाच्या पश्चात्तापाचं एक अक्षर नाही. आणि अनेसिमाच्या तोंडचंही एक अक्षर नाही. पत्रभर चर्चा त्याची, बोलतो एकटा पौल.

पहिला निर्णय : सांगायचं की नाही

बाईंसमोर तीन वाटा होत्या. पाळकसाहेब म्हणतात तसं काही न सांगता वाचन सुरू करावं, ही एक. पत्रच बाजूला ठेवून पाळकांनी अण्णांशी घरी जाऊन बोलावं, ही दुसरी. आधी अण्णांना सांगावं, त्यांची हरकत नसेल तरच हे पत्र घ्यावं, ही तिसरी.

दुसरी वाट सगळ्यांत साधी, आणि माझ्या मते निम्मी अडचण तिथंच सुटली असती. पण पाळकसाहेबांचं म्हणणं, अण्णा घरात ऐकून घेणार नाहीत, वचनापुढं ऐकतील. यातलं वचनावरचं प्रेम खरं आहे. पण एका माणसावर नेम धरून वचन वाचायचं आणि त्याला सांगायचं नाही, ही युक्ती आहे. पौलानंही दबाव आणला, पण फिलेमोनाचं नाव पहिल्या ओळीत घालून आणला.

बाईंनी मधली वाट काढली. पत्र घेतलं, अण्णांना काही सांगितलं नाही, पण पाळकसाहेबांना बजावलं की सभेत कुणी कुणाकडं बोट दाखवायचं नाही. ही तडजोड दोन शुक्रवार टिकली.

दुसऱ्या शुक्रवारी प्लिनीचं पत्र आणि पौलाचं पत्र शेजारी ठेवून बोलणं चाललं होतं. अठराव्या वचनापाशी अण्णा म्हणाले, "बाई, पौलानं लिहून दिलं, मी भरतो म्हणून. आमच्या उचलीचं हितं कोण लिहून देतंय? औंदा एक जोडी बासष्ट हजार बुडवून गेली." आणि एसटीतले कंडक्टर, ज्यांना हमालीवरचा धाकटा ओळखीचा होता आणि आतलं काहीच माहीत नव्हतं, सहज बोलून गेले, "जतची का? तो पोरगा रविवारी आपल्याच उपासनेला येतोय की."

खोलीत कुणी बोलेना. अण्णांनी पाळकसाहेबांकडं बघितलं, मग बाईंकडं. "म्हणून हे पत्र काढलंय व्हय?"

वहिनींनी चहा घेतला नाही. दोघं निघून गेली.

दुसरा निर्णय : पैसे कुणी भरायचे

पुढच्या आठवड्यात अण्णा नव्हते. बाकीचे होते, आणि सगळ्यांना काहीतरी करून दाखवायची घाई झाली होती. पौलानं 'माझ्या नावावर मांड' म्हटलं, तर आपण वर्गणी काढून अण्णांचे पैसे देऊन टाकू, असं ठरत आलं. पाळकसाहेब स्वतःच्या नावानं लिहून द्यायला निघाले. त्यांचा पगार कधी होतो हे ठाऊक असल्यामुळं त्यांना सगळ्यांनी थांबवलं. पाकिटात एकवीस हजार जमलेसुद्धा.

दुसरं मत नर्सबाईंचं. अण्णांनीच माफ करावं, त्यांना झेपतं, आणि पत्राचा रोखही तोच आहे. तिसरं, हप्ते बांधून घ्यावेत.

तात्या तेवढा वेळ गप्प होते. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, कागद बघितल्याशिवाय बोलत नाही. ते म्हणाले, "बासष्ट हजार हा आकडा कुणी काढला?"

कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी सांगितला म्हणून तो आकडा.

मग तात्यांनी कायद्याची बाजू मांडली. उचल देणं-घेणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाला काम सोडून जायची मोकळीक राहत नसेल, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावं लागत असेल, तर 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं ती वेठबिगारी ठरते आणि तसं कर्ज वसूलच करता येत नाही. हे प्रकरण त्यात बसतं की नाही ते हिशेब बघून कळेल. "आधी हिशेब, मग माफी. देणंच नसलं तर माफ कशाला करताय?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं वळण हेच. तोवर सभा दयेची भाषा बोलत होती. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात दया आहेच. पण त्याच घरात, बहुधा त्याच फेरीत पोचलेल्या कलस्सैकरांस पत्रात धन्यांना बजावलंय, की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा. सभेनं ते महिनाभरापूर्वीच वाचलं होतं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. हमालाचं देणं आपण भरू म्हणताना, त्याचं कुणाकडं काही येणं आहे का हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि मग कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "त्याला कुणी विचारलंय का, त्याला काय पाहिजे?"

तिसरा निर्णय : धाकट्याला विचारणं

पाळकसाहेबांनी त्याचं बोलणं बाईंना सांगितलं होतं, तेही त्याला न विचारता. आता सगळी सभा त्याच्याबद्दल बोलत होती. बाई आणि तात्या गोदामावर गेले.

पिवळ्या धुळीनं भरलेला माणूस, अंगावरचा बनियनही पिवळा. त्यानं पाकीट घेतलं नाही. "माफी कशाची ओ? हिशेब करा की. आमी ऊस तोडलाय."

त्याच्या दोन मागण्या निघाल्या. एक, नवरा-बायकोची आधार कार्डं मालकाकडं अडकली आहेत ती परत मिळावीत, बाळाचा जन्मदाखला आणि पुढचे कागद त्यांच्यावाचून अडलेत. दोन, टोळीत आणि गावात आपल्याला चोर म्हणतात ते थांबावं. पैशाचं तो म्हणाला, निघेल तेवढं फेडीन. आणि एक गोष्ट त्यानं आपणहून सांगितली, की तो अण्णांच्या कामावर परत जाणार नाही.

ही शेवटची गोष्ट पाळकसाहेबांना जड गेली. त्यांच्या मनातल्या चित्रात अनेसिम परत जातो, धनी त्याला मिठी मारतो. पण 'आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून' हे वाक्य 2000 वर्षांपूर्वीच्या दासाला लिहिलेलं नाही, धन्याला लिहिलेलं आहे. दासानं काय करावं हे त्यात सांगितलेलं नाही. 1833 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात चार्ल्स कोल्कॉक जोन्स नावाचा उपदेशक गुलामांच्या मेळाव्यात याच पत्रावर बोलत होता. पळून जाणं हे पाप आहे, असं त्यानं पौलाच्या नावानं सांगितलं, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. हे त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलंय. त्या निम्म्यांना पत्र कळलं नव्हतं असं मला वाटत नाही.

हिशेबाची बैठक

अण्णांना बोलवायला तात्या एकटे गेले. पत्र, पौल, प्रभू काही काढलं नाही. "हिशेब लावून टाकू" एवढंच. अण्णा लगेच तयार झाले. देणंघेणं कागदावर बोलायचं तर त्यात त्यांना अपमान वाटला नाही. सभेत वाटला होता.

बैठक बाईंच्या पडवीत झाली. अण्णा, वहिनी, धाकटा, त्याचा थोरला भाऊ, तात्या. पाळकसाहेबांना बाईंनी येऊ नका म्हणून सांगितलं, आणि ते आले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

अण्णांनी लाल कापडी बांधणीची वही आणली. प्रत्येक जोडीला एक पान. वर नाव, खाली दोन अंगठे किंवा सह्या, मग तारखा. वजनकाट्याच्या पावत्या सुतळीनं बांधून वेगळ्या. तात्यांनी जमिनीवर बसून त्या तारखेनं लावल्या आणि एकेक टन वहीत तपासला. उचल ऐंशी हजार. तोडलेल्या उसाची मजुरी वजा केली, आठवड्याची खर्ची मिळवली, तर बाकी येत होती पंचेचाळीस हजार. बासष्ट कुठून आले? पानाच्या तळाशी वेगळ्या शाईनं सतरा हजार लिहिले होते. पुढं एकच शब्द: खाडे.

काम चुकलेल्या दिवसाचा दंड. तारखा बघितल्या तर बहुतेक खाडे धाकट्याच्या बायकोच्या दवाखान्याच्या दिवसांचे.

वहिनींनी ते पान स्वतःकडं ओढून घेतलं आणि वाचलं. त्या मंडळीच्या स्त्रीमंडळात बाळंतिणींना भेटायला जातात. त्या अण्णांना काही बोलल्या नाहीत. पेन घेतलं आणि सतरा हजारांवर रेघ मारली. अण्णा म्हणाले, "मुकादमानं लिहिलंय ते." तात्या म्हणाले, "वही तुमची आहे."

मग धाकट्यानं सांगितलं, की ऐंशीतले पासष्टच त्याच्या हातात आले. वरचे पंधरा मुकादमानं कापले. अण्णांना हे खरोखर माहीत नव्हतं असं दिसलं. मुकादमाचं कमिशन त्यांनी वेगळं दिलेलं होतं. म्हणजे धाकट्याकडं बाकी तीस हजार, आणि पंधरा हजारांचं भांडण अण्णा आणि मुकादम यांचं.

आधार कार्डं वहिनी घरून घेऊन आल्या. रबर लावलेला गठ्ठाच होता, त्यात आणखी जोड्यांची कार्डंही होती. धाकट्याची दोन काढून दिली. उरलेला गठ्ठा तात्यांनी काही न बोलता बघितला. दुसऱ्या दिवशी ती सगळी कार्डं टोळीवर परत गेल्याचं कळलं.

निष्पत्ती

ठरलं ते असं, की दरमहा दोन हजार. धाकट्यानं काही महिने भरले, मग बाळाच्या आजारपणात हप्ता चुकला, पुढंही चुकला. अण्णांनी मागितला नाही. माफ केला असं कुणी म्हणत नाही, अण्णाही नाही. वहीतलं पान अजून तसंच आहे.

पाकिटातले एकवीस हजार दात्यांना विचारून आजारी-मदत निधीत टाकले. काहींना याचं वाईट वाटलं. पौलासारखं काही केल्याचं समाधान हातातून गेलं असं एकानं बोलूनही दाखवलं.

अण्णा रविवारी येतात, शुक्रवारी येत नाहीत. वहिनी येतात. धाकटा वर्षभर उपासनेला आला, मग इचलकरंजीला यंत्रमागावर गेला, तिथल्या मंडळीत जातो. जाण्याआधी एका रविवारी अण्णांनी त्याला प्रांगणात हाक मारून बाळाचं नाव विचारलं. एवढं बोलणं झालं.

मुकादमाच्या पंधरा हजारांचं काय झालं? काहीच नाही. पुढच्या हंगामातही मुकादम तोच होता. टोळ्या त्याच्याच हातात. खाड्याचा दंड मात्र अण्णांच्या वहीत आता नाही, हे वहिनींनी सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे पाळकांनी दवाखान्यात ऐकलेलं धाकट्याला न विचारता पुढं नेलं. हेतू चांगला होता, पण त्यामुळं कंडक्टरसाहेबांच्या एका सहज वाक्यानं त्याची बाहेर वाच्यता झाली. तो चिडला असता आणि यायचा बंद झाला असता, तरी त्याला दोष देता आला नसता. अशी गोष्ट कानावर आली तर पहिला प्रश्न त्यालाच: मी हे कुणाला सांगू का?

दुसरं बाईंच्या मधल्या वाटेबद्दल. मला ती पटत नाही, आणि हे बाईंनाही माहीत आहे. पत्र घ्यायचं होतं तर अण्णांना आधी सांगायला हवं होतं. सांगायचं नव्हतं तर त्या महिन्यात दुसरं काही वाचता आलं असतं. बाईंचं उत्तर असं, की यातलं काहीही केलं असतं तर वही कधीच उघडली नसती. असेलही. पण अण्णा शुक्रवारचे तुटले ते पैशामुळं नाही, आपल्याला फसवून शिकवलं या समजुतीमुळं, आणि ती समजूत चुकीची म्हणता येत नाही.

तिसरं अभ्यासाच्या पद्धतीबद्दल. हे पत्र घेणाऱ्या सभांमध्ये आपण नेहमी फिलेमोनाच्या खुर्चीत बसतो: मी क्षमा करीन का? फार तर पौलाच्या. चर्चेचे प्रश्न तयार करताना एक पूर्ण बैठक अनेसिमासाठी ठेवावी. त्यानं कलस्सैचा रस्ता धरताना काय विचार केला असेल? त्याच्यापुढं दुसरा कोणता रस्ता होता? जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात धन्यापासून सुटून आलेल्या दासाला परत देऊ नका, त्याला आवडेल तिथं राहू द्या, असं आहे. पौलाला ते माहीत असणारच, मग त्यानं परत का पाठवलं? यावर सभेत एकमत होणार नाही, होऊ नये. पुढं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रात इफिसचा बिशप म्हणून एका अनेसिमाचं नाव येतं. तो हाच, असं मानायचा मोह होतो, पण पुरावा नाही. घरसभेत ही गोष्ट गोड शेवट म्हणून सांगू नये.

आणि धाकट्याच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही. ना पाळकांनी, ना बाईंनी, ना कॉलेजच्या मुलीनं. उचलीच्या पानावर दुसरा अंगठा तिचा होता. खाडे तिचे होते. हिशेबाच्या बैठकीला थोरला भाऊ आला, ती आली नाही, आणि ती का नाही असं त्या पडवीत कुणी म्हणालं नाही. पत्राच्या पहिल्या दोन ओळींत अप्फियाचं नाव आहे.

सध्या शुक्रवारी याकोबाचं पत्र चालू आहे. पाचवा अध्याय लागेल तेव्हा काय करायचं, हे बाईंनी या वेळी वहिनींशी आधीच बोलून घेतलं आहे. वहिनींनी अण्णांना सांगितलं आहे. ते "बघू" म्हणालेत.